आईला टीबी नाहीये

प्रिय सुमे,

तुझा मेसेज वाचला. आईला फुफ्फुसाचा कॅन्सर झालाय हे कळल्यावर तू फक्त "काकू कशा आहेत" एवढंच विचारलंस, त्याबद्दल तुला शंभर मार्क. बाकी सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "अगं पण काकू कुठे सिगारेट ओढायच्या?" आणि लगेच दुसरा, "मग काका ओढायचे का?" म्हणजे गुन्हा झालाय हे पक्कं, फक्त आरोपी सापडायचाय.

कोणीच ओढत नव्हतं गं. लग्नाआधी गावाला चूल, मग भांडुपच्या त्या अंधाऱ्या खोलीत रॉकेलचा स्टो, आणि खिडकी उघडली की समोर ट्रकचा धूर. नक्की कशामुळे झालं ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत. बाहेरच्या प्रदूषित हवेने फुफ्फुसाचा कॅन्सर होतो हे डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने 2013 मध्येच जाहीर केलंय, पण हवेला कोण जाब विचारणार!

सुरुवातीला टीबीच म्हणाले. आपल्याकडे खोकला, वजन कमी आणि एक्सरेत डाग म्हटलं की टीबी, थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, सुरू. आई निमूट गोळ्या घेत राहिली, लघवी लाल झाली म्हणून घाबरली, आणि खोकला होता तिथेच. शेवटी फुफ्फुसात पाणी झालं, ते काढून तपासायला पाठवलं तेव्हा कळलं, आणि तोवर चौथी स्टेज. नशीब म्हणजे ईजीएफआर म्युटेशन, म्हणजे कॅन्सरच्या पेशींच्या जनुकातला एक बदल, निघालं, त्यामुळे किमोऐवजी रोज एक गोळी. त्याने तोंडभर पुरळ उठलंय, नखांच्या कडा सुजतात, लसूण सोलता येत नाही म्हणून चिडचिड करते.

आणि गंमत ऐक, बिल्डिंगमध्ये ती अजून टीबीच सांगते. टीबी! ज्याच्यासाठी एकेकाळी लोक माणसाची ताटवाटी वेगळी ठेवायचे, ते सांगणं तिला सोपं वाटतं, कारण त्यात निदान तोंडावर "स्वतःच ओढवून घेतलं" असं कोणी म्हणत नाही.

पण सुमे, मला आता "आमची आई कधीच ओढत नव्हती" हे वाक्यही आवडेनासं झालंय. दादा भेटेल त्याला ते ऐकवतो. पाणी काढायला अॅडमिट केलं तेव्हा शेजारच्या खोलीत एक काका होते, पूर्वीचे गिरणी कामगार, मिसरूड फुटायच्या आधीपासून बीडी. त्यांचा स्वतःचा मुलगा त्यांच्यासमोर मला म्हणाला, "ह्यांना कितीदा सांगितलं होतं." काका भिंतीकडे तोंड करून पडले. म्हणजे माझी आई बिचारी आणि हे काका त्याच लायकीचे? हार्ट अटॅकवाल्याला कोणी विचारतं का, वडे किती खाल्लेस? आणि तंबाखू विकणारे मोकळेच, आपल्या सरकारी एलआयसीचे पैसे सिगारेट बनवणाऱ्या आयटीसीच्या शेअर्समध्ये आहेत, पण लाज वाटायची ती काकांनी.

ऑक्टोबर ब्रेस्ट कॅन्सरच्या जागृतीचा, तेव्हा ऑफिसात सगळं गुलाबी, टीशर्ट, वॉकेथॉन, फुगे. चांगलंच आहे, त्या बायकांनी लढून मिळवलंय ते. तसाच नोव्हेंबर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा असतो, रिबन पांढरी, आमच्या एचआरला माहीतच नव्हतं. मला आधी राग आला, मग आकडे बघितले. 2022 मध्ये जगात ब्रेस्ट कॅन्सरच्या सुमारे 23 लाख नव्या केसेस आणि 6.7 लाख मृत्यू, फुफ्फुसाच्या सुमारे 25 लाख केसेस आणि 18 लाख मृत्यू. मोर्चा काढायला माणसंच उरत नाहीत गं, आणि घरचे उरतात ते माझ्या आईसारखं टीबी सांगून गप्प बसतात. सरकारी तपासणीच्या यादीतही तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कॅन्सर. सरसकट सगळ्यांचं स्कॅन करा असं मी म्हणत नाही, आपल्याकडे जुन्या टीबीचे डाग इतके की निम्मं गाव घाबरून बसेल, पण टीबीच्या गोळ्यांनी फरक पडत नसेल तर सीटी स्कॅन काढा, एवढं तरी कोणी बोंबलून सांगेल की नाही?

तू कंपनीच्या सीएसआरमध्ये, म्हणजे समाजकार्याच्या विभागात आहेस म्हणून विचारते. तुमच्या त्या हेल्थ कॅम्पच्या पत्रकात ही एक ओळ घालता येईल का? गोळ्या चालू आहेत आणि खोकला थांबत नाही, तर मोठ्या दवाखान्यात दाखवा. मराठीत, मोठ्या अक्षरात. आणि सिगारेटचा फोटो नको त्यावर, प्लीज.

दिवाळीला येशील तेव्हा आईकडे दोन दिवस राहा. पुरळाबद्दल विचारू नकोस, चकलीची भाजणी विचार, तासभर बोलेल.

तुझीच,
वैशू