खुले पत्र: एचआयव्हीची गोळी कशासोबत घ्यायची नाही, हे कुणी सांगायचं?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सादर नमस्कार.

साहेब, सोलापुरात माझं औषधांचं दुकान आहे. आजूबाजूला यंत्रमाग आणि विडी कामगारांची वस्ती. एचआयव्हीची औषधं मी विकत नाही. ती सरकारच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, मोफत मिळतात. देशात ही सोय १ एप्रिल २००४ला सुरू झाली आणि तिनं असंख्य संसार वाचवले, हे आधी मनापासून सांगते. आज बहुतेक प्रौढांना दिवसाला एकच गोळी पुरते: टीएलडी, म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅविर एकत्र. नेमानं घेतली तर रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी होतो आणि तो तसाच राहिला तर संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही.

अडचण आहे ती त्याच माणसाला तुमच्याच खात्याच्या दुसऱ्या खिडकीतून मिळणाऱ्या गोळ्यांची.

मध्यंतरी एक गरोदर बाई दुकानात आली. गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबली, मग काउंटरवर रुमाल सोडला. त्यात रक्तवाढीच्या लाल गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या आणि वहीच्या कागदात गुंडाळलेल्या काही सुट्या गोळ्या. "ताई, ह्या समद्या एकदम घेतल्या तर चालतंय का?" सुट्या गोळ्या टीएलडीच्या होत्या. डबीतून का काढल्या, विचारलं तर म्हणाली, डबी वाजते, जावेला ऐकू जातं. म्हणून घरचे उठायच्या आत, उपाशीपोटी, तिन्ही गोळ्या एका घोटात.

यातली प्रत्येक गोळी तिला सरकारनंच दिलेली. पण लोह आणि कॅल्शियम पोटात डोल्युटेग्रॅविरला धरून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसं उतरत नाही. उपाशीपोटी तर हमखास. टीएलडी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यायची, नाहीतर मग भरल्या पोटी जेवणासोबत. लोह आणि कॅल्शियमही एकमेकांपासून लांबच हवेत. आणि गोळ्या मूळ डबीतच राहायला हव्यात, कारण आतली छोटी पुडी ओल शोषून घेते. आईच्या रक्तातला विषाणू दाबलेला राहिला तर बाळाला लागण होण्याचा धोका खूप कमी होतो. एवढी मोठी गोष्ट तिला मेडिकल दुकानात, तीही तिनं धाडस करून विचारलं म्हणून कळावी? एआरटी केंद्रात तिला रोज न चुकता गोळी घ्या असं सांगितलं होतं, आणि ती न चुकताच घेत होती.

टीबीचं बघा. टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन डोल्युटेग्रॅविरची रक्तातली पातळी खाली आणतं. म्हणून टीएलडीनंतर १२ तासांनी डोल्युटेग्रॅविरची ५० मिलिग्रॅमची वेगळी गोळी द्यावी लागते आणि रिफॅम्पिसिन संपल्यावरही २ आठवडे चालू ठेवावी लागते. नियम आहेच, पण टीबीची गोळी एका ठिकाणी आणि एआरटी दुसऱ्या ठिकाणी मिळत असेल तर निरोप पोचवायचा कुणी? आजारी माणसानंच? साखरेच्या मेटफॉर्मिनचं उलटं होतं, तिची पातळी वाढते, त्यामुळे दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर सहसा जायचं नसतं.

आमच्या भागात सगळ्यात जास्त काळजी मला अंगदुखीच्या गोळ्यांची वाटते. दिवसभर मागावर उभा राहणारा माणूस आणि सूप मांडीवर घेऊन वाकून विड्या वळणारी बाई डायक्लोफेनॅक नेहमी मागतात. टेनोफोविर चालू असताना अशा गोळ्या सारख्या घेतल्या तर किडनीवर ताण येतो. पित्ताचं पातळ औषधही तसंच हातोहात खपतं. त्यातलं ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम डोल्युटेग्रॅविरला अडवतं, आणि तिथं जेवणाची सवलतही नाही. पँटोप्राझोल या पित्ताच्याच गोळीनं मात्र अडत नाही. म्हणजे गिऱ्हाईक नुसतं "पित्ताचं काहीतरी द्या" म्हणालं तर मी काय देते यावर त्याचा उपचार अवलंबून असतो, आणि मला काहीच माहीत नसतं.

एचआयव्ही असलेली गिऱ्हाइकं ते सांगत नाहीत, आणि त्यांनी सांगावं अशी सक्तीही नको. २०१७चा एचआयव्ही कायदा त्यांच्या गुपिताचं रक्षण करतो. इथं गल्लीत बातमी फुटली तर पोरीचं लग्न मोडतं, हे मी पाहिलं आहे. म्हणून मागणी करते आहे ती गुपिताला धक्का न लावणारी.

प्रत्येक डबीसोबत एक चिठ्ठी द्या, जिच्यावर आजाराचं नाव नसेल. नुसतं एवढंच: ही गोळी चालू असताना कोणत्या औषधांत किती तासांचं अंतर ठेवायचं, कोणती औषधं विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत, गोळी राहिली तर आठवल्यावर घ्या पण दोन एकदम नकोत, मनानं बंद करू नका. शेवटची सूचना ज्यांना हिपॅटायटिस बी आहे त्यांच्यासाठी तर जिवाची आहे, कारण टीएलडी तोही दाबून ठेवते आणि अचानक थांबवली तर लिव्हर बिघडू शकतं. सोलापुरात ही चिठ्ठी मराठीसोबत तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही लागेल. न वाचता येणाऱ्यांसाठी सूर्य-चंद्राची चित्रं चालतील.

आणि एआरटी केंद्रात समुपदेशकांना माणसाच्या सगळ्या गोळ्या पिशवीतून काढून बघण्याइतका वेळ मिळू द्या. त्यासाठी माणसं वाढवावी लागतील, तर वाढवा. प्रकृती स्थिर असलेल्यांना एकदम ३ महिन्यांच्या गोळ्या द्यायची मुभा आहे, ती सगळीकडे पाळली तर रांगही कमी होईल आणि विडी कामगार बाईची मजुरीही बुडणार नाही. न वाजणारी पाकिटं करता आली तर तीही करा. ही मागणी क्षुल्लक समजू नका.

आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर तुमच्या खात्याची मदत केंद्रं लागतात. पाय दुखले, पित्त झालं की वारकरी तिथंच गोळी मागतो. गोळी देण्याआधी "रोजची एखादी गोळी चालू आहे का?" एवढं तिथं प्रत्येकाला विचारलं जावं आणि काय टाळायचं त्याचा तक्ता त्या टेबलावर असावा. येत्या आषाढीच्या आत एवढं तरी करा. तोच तक्ता आमच्या दुकानांनाही पाठवा, मी दुसऱ्या दिवशी लावते.

आपली,
सोलापुरातील एक औषध विक्रेती