बाय, रांचवरची आजी गेली

प्रिय बाय,

आजी गेली गं. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाकून मोकळी होणार होते, पण जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही, म्हणून लिहायला बसले. माझं ठीक आहे, शुगर थोडी वर, गुडघा आहे तसाच.

दफनाच्या आदल्या संध्याकाळी इथे अमेरिकेत देवळात रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात, शवपेटी समोर ठेवून. सगळे आले, आजीचा ओमाहाचा मोठा मुलगा, डेन्व्हरची लेक, लांबलांबचे शेजारी, आणि नातीचा पत्ता नाही. तीच गं, माझ्याकडून चहा शिकली आणि त्यात एवढं आलं घातलं की आजीला ठसका लागला होता! कुजबुज सुरू, आजीने वाढवलेली पोर आणि रोझरीलाच नाही. पोर गोठ्यात होती. पहिलारू गाय अडली होती, वासराचे मागचे पाय आधी आलेले. रोझरी अर्धी झाल्यावर ती मागच्या दाराने आली, घासून घासून धुतलेले हात कोपरापर्यंत लाल, बुटांना शेण, शेवटच्या बाकाशी गुडघे टेकले आणि जिथे चालू होतं तिथून म्हणायला लागली. आजी असती तर तिने हेच केलं असतं, हे मी कुणाशीही भांडून सांगेन.

तुला आठवतं ना मी पहिल्या थंडीत रडत फोन करायचे? नेब्रास्काच्या या सँडहिल्स म्हणजे नुसत्या वाळूच्या टेकड्या, वर गवताचं पांघरूण, आणि आमची चेरी काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, सहा हजार चौरस मैलांची, माणसं साधारण साडेपाच हजार, गुरं त्याच्या कितीतरी पट. त्या एकटेपणात देवळातल्या रविवारच्या मिस्सानंतर ही बाई, म्हणजे आजी, मला हाताला धरून घरी जेवायला घेऊन गेली, वसई कुठे आहे हे न विचारता. नंतर मात्र सगळं विचारलं, वाडी, विहीर, केळी, आपल्या आया टोपल्या घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला जायच्या ते, आणि म्हणाली की तुझी आई आणि मी, आमचं जमलं असतं.

1949 च्या बर्फाच्या वादळात ती शाळेत जाणारी पोर होती, लष्कराचे बुलडोझर येऊन रस्ते मोकळे करत होते ते तिने पाहिलेलं. 1952 ला लग्न होऊन या रांचवर आली. तेव्हा मिस्सात कोम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालायचा नाही, आणि देऊळ चाळीस मैल! पहाटे गाई बघायच्या, मग उपाशीपोटी ट्रक हाणत मिस्सा, परत येईपर्यंत दुपार. आणि शुक्रवार? 1966 पर्यंत इथे कॅथलिकांना वर्षभर शुक्रवारी मांस बंद, म्हणजे चहूकडे बीफ चरतंय आणि ताटात मॅकरोनी. एकदा ब्रँडिंग शुक्रवारी आलं, वासरांना डाग द्यायला आसपासचे सगळे गडी जमलेले, हिने सगळ्यांना डब्यातल्या सामन माशाच्या टिक्क्या आणि बीन्स वाढले. एक प्रोटेस्टंट शेजारी म्हणाला, बाई, मी तुझ्या पोपचा नाही. ही म्हणाली, स्वयंपाकघर तर माझं आहे ना! हे सांगताना नव्वदीतही तिला हसू आवरायचं नाही.

आता मुद्दा. नवरा 1975 ला गेला. तेव्हाचा कायदा असा की जमीन दोघांच्या नावावर असली तरी सगळी नवऱ्याचीच धरायची आणि बायकोवर वारसा कर लावायचा, तिने स्वतःचा पैसा घातल्याचं सिद्ध केलं तरच तेवढा हिस्सा वगळायचा. रात्री दर दोन तासांनी उठून गाई पाहिल्या त्याची पावती कुठून आणणार? हिने निम्मा कळप विकून कर भरला. नेब्रास्कातल्याच डोरिस रॉयल नावाच्या शेतकरीण बाईने या कराविरुद्ध सह्यांची मोहीम काढली तेव्हा आजी मिस्सानंतर देवळाच्या पायरीवर कागद घेऊन उभी राहायची. नवराबायकोमधला तो कर शेवटी 1981 च्या कायद्याने गेला.

आणि आता तिच्याच जेवणघरात, हॅम आणि चीजमधले बटाटे खाता खाता पोरं काय बोलतायत, रांच विकायची की भाड्याने द्यायची. ओमाहाच्या मोठ्या मुलाने आपल्या पोराला विचारलं, तुला चालवायची आहे का रे? त्याला गाय आणि कालवड यातला फरक सांगता येणार नाही! नात तिथेच उभी, हातात कॉफीची किटली, तिला कुणी विचारलं नाही. आजीच्या धाकट्या मुलाचं तुला माहीतच आहे, तो असता तर गोष्ट वेगळी होती. मोठा तिला एवढंच म्हणाला, कागदपत्रं आली की सही करून टाक, घरात भांडण नको.

बाय, मला तिथेच तुझं ते हक्कसोडपत्र दिसलं. आपल्या ख्रिस्ती लोकांत 1925 च्या कायद्याने मुलीला मुलाएवढाच वाटा, तरी तू वाडीवर सही केलीस, मी करू नको म्हणाले तर माझ्याशी बोलायची बंद झालीस, माझ्या लग्नातही तोंड फुगवून बसलेलीस, फोटोत आहे पुरावा. ते उकरत नाही. पण सही करून बाहेर आल्यावर रात्री काय होतं ते तुलाच माहीत, मला नाही.

आवराआवरीत मला आजीच्या वह्या सापडल्या, खिशात मावणाऱ्या लाल, खोकंभर. प्रत्येक गाय, तारीख, हवा. सणसुद्धा. '19 मार्च, संत जोसेफ, बर्फ, 47 नंबर, अडली, वासरू जिवंत.' थंडीत ओल्या हातांनी जपमाळ धरता यायची नाही म्हणून ती बोटांवर मोजायची, आणि कुठल्या गाईपाशी किती रोझरी झाल्या तेही कोपऱ्यात लिहिलंय. शेवटची बरीच वर्षं अक्षर नातीचं आहे. ते खोकं मी नातीच्याच खोलीत ठेवून आले आणि सांगितलं की वकिलाला दाखवल्याशिवाय कशावरही सही करायची नाही. चिडू दे मोठ्याला.

तुझ्या लेकीची दहावी कशी गेली? सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं का? आणि तो वरच्या मजल्याचा लिकेज? सगळं एकदम कळव.

आणि एक, नातीला तुझा नंबर देऊ का? मी कितीही सांगितलं तरी मी सही न केलेली बाई. इंग्लिश कसंही चालेल, तुला येतं तेवढं पुरे. तुझ्याकडे दुपार असते तेव्हा ती इथे गाई बघायला उठलेलीच असते.

तुझीच