मर्कलवरचा ठपका

कराड

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

शिकागोच्या रिग्ली फील्डवरच्या बेसबॉल सामन्याबद्दल तू सविस्तर लिहिलंस, वाचून छान वाटलं. पण शेजारी बसलेल्या आजोबांनी सांगितलेली १९०८ ची गोष्ट काही माझ्या मनातून जाईना. फ्रेड मर्कल नावाच्या एका बावळटामुळे शिकागोच्या कब्ज संघाला त्या वर्षी विजेतेपद मिळालं, असं ते म्हणाले आणि तुम्ही दोघं हसलात. अमेय, त्या पोराला हसू नकोस. इतकी वर्षं कबड्डीच्या मैदानावर शिट्टी घेऊन उभी राहिले आहे, तेव्हा या प्रकरणात मला माझं मत सांगू दे.

तू बसलास ते मैदान तेव्हा नव्हतंच, कब्ज वेस्ट साइड पार्कवर खेळत. आणि ही गोष्ट घडली न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर, २३ सप्टेंबर १९०८ ला. त्या हंगामात न्यूयॉर्क जायंट्स, कब्ज आणि पिट्सबर्ग पायरेट्स असे तीन संघ शेवटपर्यंत एकमेकांना खेटून होते. जायंट्सच्या फ्रेड टेनीची त्या दिवशी कंबर धरली, म्हणून पहिल्या बेसवर मर्कलला उभं केलं. बेस म्हणजे मैदानावरचे ठरलेले टप्पे; फटका मारून तिन्ही बेस पार करत शेवटी घरी, म्हणजे फटका मारतात त्या जागी, परत पोचलं की एक धाव. वय १९. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये (डावात) १-१ अशी बरोबरी, दोन गडी बाद, आणि या मुलाने फटका मारून जायंट्सच्याच मॅककॉर्मिकला तिसऱ्या बेसवर पोचवलं आणि स्वतः पहिला बेस गाठला. तो फटका बसला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं, हे कुणी सांगत नाही बघ.

मग जायंट्सच्या अल ब्रिडवेलने चेंडू मधून बाहेर काढला, मॅककॉर्मिक घरी पोचला, सामना जिंकला म्हणून लोक मैदानात घुसले. मर्कलने दुसऱ्या बेसच्या दिशेने धाव घेतली होती, पण तिथे न पोचता तो मध्येच वळून कपडे बदलायच्या खोलीकडे पळाला. नियम असा, की मागून फटका आला की पहिल्या बेसवरच्याला पुढच्या बेसवर जावंच लागतं. तो जायच्या आत प्रतिपक्षाने चेंडू तिथे आणला तर तो बाद, आणि असा तिसरा गडी बाद झाला तर घरी पोचलेली धावही धरत नाहीत. पण विजयी धाव झाल्यावर पुढच्या बेसला पाय लावायला कुणी थांबायचं नाही, पंचही तिकडे बघायचे नाहीत. सगळ्यांचा तसाच रिवाज होता. गर्दी अंगावर येण्याआधी मैदान सोडायचं, बस्स.

एक माणूस मात्र नियमाला धरून होता, कब्जचा जॉनी एव्हर्स. ४ सप्टेंबरलाच पिट्सबर्गमध्ये पायरेट्सच्या वॉरन गिलने हेच केलं होतं आणि एव्हर्सने तेव्हाच पंचांना धरलं होतं. पंच हँक ओ'डे म्हणाले, मी बघितलं नाही. लीगचे अध्यक्ष हॅरी पुलियम यांनी कब्जची तक्रार फेटाळली. १९ दिवसांनी पोलो ग्राउंड्सवर पुन्हा तेच ओ'डे. दुसरे पंच बॉब एम्स्ली ब्रिडवेलचा चेंडू चुकवताना खाली पडले होते, त्यांनी मर्कलला बघितलंच नव्हतं. एव्हर्सने चेंडू मागवून घेतला आणि दुसऱ्या बेसला पाय लावला. ओ'डेंनी या वेळी बघितलं होतं. त्यांनी मर्कलला बाद दिलं. लोकांनी मैदान भरलेलं, अंधारही पडत आलेला, त्यामुळे सामना बरोबरीत सोडला.

आता खरी मेख सांगते. एव्हर्सच्या हातातला चेंडू कोणता होता? जायंट्सच्या मॅकगिनिटीने चेंडू मध्येच पकडून प्रेक्षकांत भिरकावला, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. मग एव्हर्सकडे आला तो तोच चेंडू का दुसरा, यावर हयातभर भांडणं झाली. प्रत्येकाची साक्ष वेगळी. मी पंच असते तर आधी चेंडू मागितला असता.

तरीही ओ'डेंचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. त्यांनी जे बघितलं ते दिलं, नियमात होतं तेच दिलं, आणि हजारोंच्या जमावासमोर दिलं. त्याला छाती लागते. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे समज, अख्ख्या स्पर्धेत चढाई करणाऱ्याचा दम तुटला तरी पंचांनी कानाडोळा केला आणि अंतिम सामन्याच्या शेवटच्या चढाईला शिट्टी मारली, तर निर्णय बरोबरच. पण आजपासून हे चालणार नाही, असं दोन्ही कर्णधारांना आधी बोलावून सांगायला नको? पिट्सबर्गनंतर लीगने सगळ्या संघांना तसं ठणकावून सांगायला हवं होतं. ते राहिलं, आणि त्याची किंमत संघातल्या सगळ्यात लहान मुलाने मोजली.

हंगाम संपला तेव्हा जायंट्स आणि कब्ज दोघांचे ९८ विजय, ५५ पराभव. त्यामुळे ८ ऑक्टोबरला तो सामना पुन्हा खेळवला. कब्जने तो ४-२ असा जिंकला, तोही जायंट्सच्या क्रिस्टी मॅथ्यूसनसारख्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) हरवून. त्या वर्षी मॅथ्यूसनने ३७ सामने जिंकले होते! आणि सगळ्या न्यूयॉर्कने बोट दाखवलं मर्कलकडे. शेवटच्या आठवड्यात फिलाडेल्फियाच्या हॅरी कोव्हेलेस्की या नवख्या पिचरने पाच दिवसांत जायंट्सना तीनदा हरवलं होतं. त्यातला एक सामना जरी जिंकला असता, तरी मर्कलचं नाव आज कुणाला आठवलं नसतं. ते तीन पराभव मात्र कुणाच्या नावावर लागले नाहीत.

संघाचे व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ महातापट माणूस, पंचांशी हमरीतुमरीवर येणारा. पण या पोराला त्यांनी एका शब्दाने दुखावलं नाही. उलट पगार वाढवला, पुढे पहिल्या बेसवर कायमचं उभं केलं, डावपेचांत त्याचं मत घेतलं. १९११, १९१२ आणि १९१३ अशी लागोपाठ तीन वर्षं जायंट्स लीगमध्ये पहिले आले, तेव्हा पहिल्या बेसवर मर्कलच होता. बाहेरचे लोक मात्र त्याला जन्मभर चिडवत राहिले. खेळ सोडल्यावर तो बरीच वर्षं बेसबॉलपासून लांबच राहिला. १९५० मध्ये जुन्या खेळाडूंच्या मेळाव्यासाठी पोलो ग्राउंड्सवर आला, तेव्हा लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तेव्हा तो साठी ओलांडलेला होता.

ते आजोबा पुन्हा भेटले, तर त्यांना कोव्हेलेस्कीचं विचार. आणि चेंडूबद्दल ते काय म्हणतात तेही मला कळव, शिकागोच्या माणसाची बाजू ऐकायची आहे.

थंडी सुरू झाली असेल, कानाला गुंडाळत जा. बाबांचे आशीर्वाद.

तुझी,
आई