आजीसाठी ॲप नको, पत्त्यांचे दोन जोड आण

कोल्हापूर,
घटस्थापना

चि. अनिकेत यास आईचे अनेक आशीर्वाद.

आजीच्या फोनमध्ये मेंदूच्या व्यायामाचं ॲप घालून वर्षाचे पैसे भरतो म्हणालास. भरू नकोस. असल्या ॲपनी नुकसान होत नाही, पण ज्यासाठी तू ते घेतोयस ते त्यातून मिळेल याचा भरवसा नाही. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या २,८३२ माणसांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००२ साली आले. एका गटाला लक्षात ठेवण्याचा सराव, दुसऱ्याला तर्काचा, तिसऱ्याला नजरेच्या वेगाचा, प्रत्येकी दहा बैठका. चौथ्या गटाला काहीच नाही. ज्यांनी ज्याचा सराव केला, त्यांचं तेवढंच सुधारलं. स्मरणवाल्यांचा वेग वाढला नाही की वेगवाल्यांचं स्मरण. पडद्यावरचे फुगे पटापट फोडणाऱ्याला फुगे फोडता येतात, एवढाच त्याचा अर्थ. २०१६ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने ल्युमोसिटी नावाच्या असल्याच एका ॲपच्या कंपनीवर जाहिरातीतल्या दाव्यांना पुरेसा पुरावा नसल्याचा आरोप ठेवला आणि तडजोडीत २० लाख डॉलर भरायला लावले.

म्हणून आजीला जे रोजच्या जगण्यात लागतं, त्याचाच सराव द्यायचा: नावं आठवणं, समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं, हिशेब डोक्यात धरणं, ऐकलेलं सांगणं. आणि तो माणसांत बसून. तालमीत एकट्याने जोर काढणं वेगळं आणि मातीत जोड धरणं वेगळं, हे तुला सांगायला नको.

पण त्याआधी कान. आजी टीव्हीचा आवाज वाढवत चाललीय आणि चौघींत बसली की नुसती हसून मान हलवते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ गटाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण आवरता येण्यासारखी १४ कारणं दिली आहेत. कमी ऐकू येणं, कमी दिसणं, एकटेपणा, रक्तदाब, मधुमेह, बसून राहणं ही सगळी त्यात आहेत. चौदाही कारणं आवरली तर जगातले जवळजवळ ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा लांबतील असा त्यांचा अंदाज आहे. सुडोकू आणि शब्दकोडी त्या यादीत नाहीत बघ. तेव्हा दिवाळीआधी कानाची तपासणी करून घेते. आधी मळ काढून मगच ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावर ऐकण्याची तपासणी, नाहीतर मळामुळे कमी ऐकू येतंय की नस कमजोर झालीय हे कळायला घोळ होतो. मोतीबिंदूचंही त्याच आठवड्यात बघते. ज्याला पत्त्यांत उतारी कुठली झाली, म्हणजे पहिलं पान कुठलं पडलं, हे ऐकू येत नाही आणि चौकटची सत्ती की अठ्ठी हे दिसत नाही, तो डावात चुकतो, ओशाळतो आणि उठून जातो. लोक म्हणतात, डोकं चालेना झालं.

आता पत्ते. रमी एकट्याच्या नादात खेळता येते, म्हणून मेंढीकोट बरा. चौघे, समोरासमोरचे भिडू, तेरा-तेरा पानं, आणि जिंकायला मेंढ्या म्हणजे दश्श्या गोळा करायच्या. कट हुकूम ठेवायचा: ज्याच्याकडे उतारीच्या रंगाचं पान पहिल्यांदा संपेल, तो टाकेल तो रंग हुकूम, म्हणजे बाकीच्या रंगांना मारणारा. त्यामुळे डावाच्या मध्यातच बेत बदलावा लागतो आणि डोकं झोपत नाही. दोन्ही जोड्यांकडे दोन-दोन मेंढ्या आल्या तर सात हात (चौघांच्या एकेका पानाची फेरी म्हणजे एक हात) करणारी जोडी जिंकली.

यात पानं मोजणं हीच खरी मेहनत. पहिल्याच दिवशी ५२ पानं लक्षात ठेवायला सांगितली, तर पाचव्या हाताला सगळं विस्कटतं आणि माणूस ‘मला नाही जमत’ म्हणून पानं टाकतो. टप्प्याने जायचं. पहिला आठवडा फक्त चार मेंढ्या: कुठली पडली, कुठली बाकी. ते अंगवळणी पडलं की हुकूम. आपल्या हातात हुकमाची चार असतील तर बाहेर नऊ. प्रत्येक पडलेल्या हुकमाला एक कमी करत यायचं. पडलेली मोजण्यापेक्षा उरलेली मोजणं सोपं, कारण आकडा लहान होत जातो आणि शेवटी नेमका तोच कामाला येतो. त्यानंतर कोणाला काय नाही: डावीकडच्या काकूंनी किलवरच्या उतारीला बदाम टाकला, म्हणजे त्यांचं किलवर संपलं, हे शेवटपर्यंत धरून ठेवायचं. सगळ्यात शेवटी दश्शीच्या वरची पानं. गुलाम, राणी, राजा, एक्का ही चार गेल्याशिवाय त्या रंगाची दश्शी उतारीला काढणं म्हणजे मेंढी हाताने दुसऱ्याच्या दावणीला बांधणं. बदामाचा राजा अजून बाहेर आहे हे आजीला आठवलं आणि तिने दश्शी धरून ठेवली, तर त्या दुपारचं काम झालं.

आजीला शेवटचा एक हात पुन्हा उघडून बघायची मुभा द्यायची, त्यामागचा नाही. बाजूने ‘अहो ते नको, हे टाका’ सांगणाऱ्याला उठवायचं; घरात ती सवय कोणाला आहे ते तुला ठाऊक आहे. पिसण्याकडेही लक्ष दे. मागच्या डावाचे हात एकाच रंगाचे गोळा झालेले असतात. नीट पिसले नाहीत तर एकाकडे आठ इस्पिक जातात आणि डाव फसतो. जोडाचे दोन भाग करून फरफर एकमेकांत मिसळायची पद्धत असते, तसं सात वेळा केलं की पुरतं, हे दोन गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलंय. आपल्या बायका हातातल्या हातात चार-पाच पानं इकडची तिकडे करतात, त्याने फारसं काही हलत नाही.

तुझ्याकडे एक काम देते. दर रविवारी आजीला सात बाय सातचं एक शब्दकोडं करून पाठवायचं. पेपरातलं ती सोडवते, पण रोज तीच शोधसूत्रं फिरून येतात आणि हात आपोआप लिहितो. मराठी कोडं करणं इंग्रजीपेक्षा किचकट, कारण घरात अक्षर बसतं ते काना-मात्रा-जोडाक्षरासकट. ‘महालक्ष्मी’ची चार घरं, त्यातलं ‘क्ष्मी’ दुसऱ्या शब्दात जवळजवळ भेटतच नाही, म्हणून त्या घराच्या वर आणि खाली काळी घरं टाकून मोकळं व्हायचं. साध्या अक्षरांवर, म्हणजे र, क, न, स, म, त यांवर, छेद सहज मिळतात.

समज, मधल्या ओळीत डावीकडून ‘कोल्हापूर’ लिहिलंस: को, ल्हा, पू, र. ‘ल्हा’वर ‘मल्हार’ उभा बसतो आणि ‘पू’वर ‘दाजीपूर’, पण दोन्ही एकदम घेऊ नकोस. ते शेजारच्या स्तंभांत येतात, मग खालच्या ओळीत र-र आणि वरच्या ओळीत म-जी असे निरर्थक जोड होतात. एक स्तंभ सोडून उतरायचं. ‘को’वरून खाली ‘कोकम’, ‘पू’मधून ‘दाजीपूर’, आणि ‘ल्हा’च्या वर-खाली काळं. म्हणजे खालची ओळ क, काळं घर, र अशी सुटते. ‘पि’ आणि ‘पी’ एकाच घरात चालवून घ्यायचा मोह होईल, तो टाळ. सोडवणारा अडतो आणि आपलंच चुकलं असं त्याला वाटतं.

सूत्रं आजीच्या भांडारातली हवीत. युरोपातल्या नद्या तिला काय करायच्यात? ‘दाजीपूर’ला ‘राधानगरीच्या पुढचं गव्यांचं जंगल’ असं लिही. साधारण बारा शब्द बसतील, त्यातले आठ तिला सरळ यावेत आणि चार छेदातल्या अक्षरांवरून सुटावेत. सगळे आले तर कोडं सोपं आणि निम्मे राहिले तर ती पुढच्या रविवारी कागद बाजूला ठेवेल. उत्तरं त्याच दिवशी पाठवू नकोस. अडलेला शब्द दोन दिवस डोक्यात राहिला आणि भाकरी थापताना सुचला, तर ते उत्तरं बघण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

बाबांचं सुडोकू वेगळं प्रकरण आहे. ते अंदाजाने अंक घालतात, पंधरा घरांनंतर एकाच ओळीत दोन पाच निघतात, आणि मग कुठे चुकलं ते शोधत चहा गार करतात. तशा वेळी मागे मागे जात बसू नये. छापील अंक सोडून सगळं खोडावं. आधी जो अंक सगळ्यात जास्त वेळा छापलाय तो घ्यावा, त्याच्या आडव्या-उभ्या ओळी नजरेने कापत उरलेली घरं बघावीत. नऊ घरांच्या चौकटीत एखादा अंक दोनच जागी बसत असेल, तरच तो पेन्सिलने कोपऱ्यात लिहावा. तीन जागी बसत असेल तर लिहूच नये, नाहीतर कागद मुंग्यांनी भरतो. चौकटीतल्या त्याच दोन घरांत ३ आणि ८ आले, तर ती दोन घरं भरली समजायचं, तिथे तिसरा अंक येत नाही. छापील अंक कमी म्हणजे कोडं कठीण, हाही गैरसमज. एकच उत्तर निघायला निदान १७ अंक लागतात हे २०१२ मध्ये सिद्ध झालंय, पण २२ वालं सोपं आणि २८ वालं घाम काढणारं असू शकतं.

मधल्या पातळीचं कोडं त्यांना आता दहा मिनिटांत सुटतं. म्हणजे तो आता नुसता विरंगुळा आहे. त्यांना किलर सुडोकूचं पुस्तक आण. त्यात तुटक रेषेने बांधलेल्या घरांची बेरीज दिलेली असते. दोन घरांत १७ म्हणजे ८ आणि ९ च, ४ म्हणजे १ आणि ३ च, तीन घरांत २३ म्हणजे ६, ८, ९. प्रत्येक ओळीची आणि चौकटीची बेरीज ४५. चौकटीत पुरे बसलेले गट वजा केले की एखादं बाहेर राहिलेलं घर आपोआप उघडं पडतं. महिनाभर तरी पुरेल.

बुद्धिबळ तुम्ही दोघं फोनवर खेळता तेवढं बास. फक्त नियम आधी ठरवा: बाबा देशी पद्धतीने प्यादं एकच घर पुढे नेतात आणि राजाची अडीच घरांची एक उडी मागतात, तुझ्या फोनला ते चालत नाही, मग भांडण.

वाचनाचं सांगते. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, आणि तिथून आजीला पुस्तकं आणून द्यायला मी आहेच. कादंबरीने सुरुवात नको. आठ-दहा पानांच्या कथा, एका बैठकीत संपणाऱ्या. कादंबरीत चार दिवसांनी परतलं की पात्रं विसरलेली असतात, म्हणून पुढे ती घेतली की पुठ्ठ्याची खूण करून तिच्यावर नावं आणि नाती लिहीत जायचं. दिवा खांद्यामागून, पानावर सावली न पडेल असा. आणि वाचून झाल्यावर पुस्तक मिटून कोणाला तरी सांगायचं. तेच पान पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून सांगितलं की जास्त टिकतं. हे तू फोनवर करून घेऊ शकतोस, पण ‘काय वाचलंस?’ असं मास्तरासारखं विचारू नकोस. ‘त्या सुनेचं पुढं काय झालं?’ असं विचार, आणि दुसऱ्या दिवशी विचार. त्याच संध्याकाळी सगळ्यांनाच आठवतं.

दिवसाला तीस-चाळीस मिनिटं पुरे, सकाळी दहाच्या सुमारास. जेवणानंतर पेंगत सोडवलेलं कोडं तिला उगाच खट्टू करतं.

आणि एक बारीक लक्ष ठेवायचं. नाव चटकन न आठवणं, चष्मा कुठे ठेवला ते विसरणं, याचं काही नाही. पण चाळीस वर्षं खेळलेल्या मेंढीकोटात हुकूम म्हणजे काय हेच आजीला कळेनासं झालं, नेहमीच्या भाजीवालीला पैसे देताना गोंधळ व्हायला लागला, किंवा दोन-चार दिवसांत एकदम फरक पडला, तर कोडी वाढवायची नाहीत, डॉक्टरकडे न्यायचं. बी-१२ कमी, थायरॉइड, लघवीचा संसर्ग, एखादी नवी गोळी अशी साधी कारणंही निघतात आणि त्यांवर इलाज असतो. तुला फोनवर ती काही वेगळी वाटली तर मला लगेच सांग. रोज बघणाऱ्याच्या लक्षात उशिरा येतं.

येताना मोठ्या आकड्यांचे प्लास्टिकचे पत्ते आण, दोन जोड. कागदी पत्ते इथल्या पावसात दमट होऊन चिकटतात, एकाऐवजी दोन पानं पडतात. आजीच्या बोटांना पंख्यासारखी तेरा पानं धरवत नाहीत, तर खाच पाडलेली लाकडी पट्टी मिळते ती बघ. नाही मिळाली तर इथे सुताराकडून करून घेते: फूटभर लांब, खाच थोडी तिरकी, म्हणजे पानं मागे रेलतात आणि समोरच्याला दिसत नाहीत. चौकटीची वही आणि मऊ, टू-बी पेन्सिलीही. पहिलं कोडं या रविवारी येऊ दे.

तुझी,
आई