सोडतीत नाव लागलं, शाळा नाही लागली

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांतल्या मोफत जागांच्या, सोडतीत मुलीचं नाव लागलं. एसएमएस आला, पेढे वाटले. परवा पडताळणीत अर्ज बाद झाला. कारण काय, तर भाडेकरार नोटरीचा आहे, नोंदणीकृत नाही. नागपुरात दोन खोल्या भाड्यानं देणाऱ्या घरमालकाला करार नोंदवायला सांगून बघा एकदा! तो दुसऱ्या दिवशी खोली खाली करायला सांगतो. मी कळमन्यात टेम्पो चालवतो. खाडा पडला की त्या दिवशीची कमाई गेली. असे किती खाडे घालून दाखले जमवले, आणि खिडकीवरचा माणूस वर न बघता म्हणतो, "वर कळवा." म्हणून कळवतो आहे.

त्याच रात्री 'वेटिंग फॉर सुपरमॅन' हा अमेरिकेतल्या सरकारी शाळांवरचा २०१० सालचा माहितीपट पाहिला. पाच मुलं, बऱ्या शाळांत मोजक्या जागा, म्हणून चारचौघांत सोडत. बायको म्हणाली, "एवढा श्रीमंत देश, अन् तिथंही लॉटरीच?" तिथल्या शिक्षक संघटना या माहितीपटावर चिडल्या होत्या, सगळं खापर शिक्षकांवर फोडलं म्हणून. मला त्यांचं पटतं. आमच्या मास्तरांना मतदारयाद्या आणि सर्वेक्षणांतून सवड मिळाली, तर शिकवतील ना!

२००९ च्या कायद्यानं शिक्षण हक्क झालं म्हणे. हक्काची सोडत काढतात का, साहेब? फेब्रुवारी २०२४ मध्ये तुम्ही नियम काढलात: किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांतून सुटका. उच्च न्यायालयानं जुलैत तो रद्द केला. सरकारी शाळांवर एवढा विश्वास होता, तर २० पेक्षा कमी पटाच्या पंधराएक हजार शाळा एकत्र करून 'समूह शाळे'त गुंडाळायला का निघाला होतात? कोठारी आयोगानं १९६६ मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा म्हटलं. २०२० च्या धोरणात पुन्हा तेच ६. सरकारं बदलली, आकडा तेवढा प्रामाणिक राहिला.

अलाहाबाद उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये अधिकाऱ्यांची मुलं सरकारी शाळेत घाला म्हटलं होतं. असा आदेश इथं लागला, तर रविभवन या सरकारी विश्रामगृहात उतरणाऱ्या किती जणांचे अर्ज नोटरीच्या करारावर अडतील? त्यांची सगळ्यांची घरं स्वतःचीच असतील म्हणा.

भाडेकरूंचं वीजबिल आणि नोटरीचा करार ग्राह्य धरा, एवढंच मागतो. तेही प्रवेशाची मुदत संपण्याआधी. हिवाळी अधिवेशनापर्यंत थांबायला सांगू नका, तोवर सहामाही परीक्षा उरकलेली असते.

आपला,
आरटीईचा एक बाद पालक, नागपूर