‘श्यामची आई’ पुन्हा एकदा

महोदय,
७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. गंमत अशी, की याच पुस्तकावरच्या आचार्य अत्रे यांच्या चित्रपटाने पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक पटकावलं होतं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या गोष्टींत अजून एवढा जीव आहे! नवा चित्रपट कृष्णधवल ठेवला, ते मला आवडलं. नातवाला मात्र टीव्ही बिघडलाय असं वाटलं. तरी, मला विचाराल तर, पुस्तकातली ती कोकणची बोली पडद्यावर पुरती उतरत नाही. परवा नातूच कपाटातलं पुस्तक घेऊन आला : ‘आजोबा, ओचे म्हणजे काय?’

– एक वाचक, नाशिक