तलावाच्या पोटातला आवाज मोजाचा आहे, हातभार लावा

राम राम मंडळी, आपल्या मच्छीमार संस्थेकडून हे आवाहन आहे, थोडं लांब झालं तं सांभाळून घ्या.

मागच्या उन्हाळ्यापासून आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर मोटरबोट फिरून राहिली, अन् रविवारी तं बोटीवर डीजे पण असते. ठेकेदाराचं म्हणणं, डिझेल सांडत नाही, कचरा होत नाही, मंग मासोळीले काय त्रास? त्रास आवाजाचा आहे भाऊ. हवेत आवाज सेकंदाला 340 मीटर जाते, पाण्यात 1500 च्या आसपास. रोहू कापताना पोटातून तो पांढरा फुगा निघते ना, पोट्टे पायाखाली फोडतात तो, रोहू-कतल्यात तो बारीक हाडांच्या साखळीनं थेट कानाशी जोडलेला असते. बाहेरून कान दिसत नाही म्हणून मासोळी बहिरी थोडीच आहे.

समुद्रात हे कधीचंच चालू आहे, जहाजांचे पंखे, तेल शोधाले एअरगनचे (दाबलेल्या हवेचे) धमाके, नौदलांचे सोनार, म्हणजे आवाज सोडून पाणबुडी हुडकाचं यंत्र. 2000 साली बहामात सोनारपायी चोचवाले देवमासे किनाऱ्यावर येऊन पडले, अन् अमेरिकेच्या नौदलानं ते चौकशीत मानलं पण. 2001 च्या सप्टेंबरात अमेरिकेवर हल्ला झाला, त्यानंतर कॅनडाच्या बे ऑफ फंडीत जहाजं कमी झाली, पाण्यातला आवाज 6 डेसिबलनं उतरला अन् तिथल्या देवमाशांच्या विष्ठेत टेन्शनचे हार्मोन कमी सापडले (हो, ते गोळा करणारे पण लोक आहेत, हसू नका). म्हणजे प्लास्टिकसारखं नाही हे, इंजिन बंद केलं की पाणी लगेच शांत.

आमचा जीव अडकला तो मरळीत. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफवर पिल्लं सांभाळणाऱ्या एका माशाले मोटरबोटचा आवाज ऐकवला, तं नराचं पिल्लांवरचं लक्ष उडालं अन् पिल्लं जास्त मेली. आपली मरळ पण तशीच राखणदार, पावसाळ्यात गवताजवळ केशरी पिल्लांचा थवा वर येते अन् खाली मायबाप पहारा देतात, ढीवराच्या घरी हे सांगाची गरज नाही. आपल्या तलावात नेमकं काय होऊन राहिलं ते मात्र कोणी मोजलंच नाही, अन् कागदावर आकडा नसला की साहेब लोक अर्ज बाजूले ठेवून देतात.

म्हणून पाण्यात सोडाचा माईक, म्हणजे हायड्रोफोन, अन् एक रेकॉर्डर घ्याचा आहे, अंदाजे 30 हजार लागतील. बोट चालू असताना अन् बंद असताना, दोन्ही वेळचं रेकॉर्डिंग करू, डोंगा आपल्याकडे आहेच. ज्याले जमेल त्यानं 50 द्या, 500 द्या, पण पावती घेतल्याशिवाय जाऊ नका, मागं वर्गणीवरून झालेली भांडणं सगळ्यांच्या ध्यानात आहेत. पैसे नसतील तं कॉम्प्युटरवर आवाजाचा ग्राफ काढता येणारा पोट्टा पाठवा, कॉलेजातले झूलॉजीचे सर कोणाच्या वळखीचे असतील तं शब्द टाका.

संस्थेची खोली संध्याकाळी उघडी असते. मृग लागाच्या आत माईक हातात पाहिजे, मरळीचा हंगाम एकदा गेला की मंग पुढच्याच वर्षी.